वाचक विचारतात: फाइल उघडली की वायरशार्क गोठतो

प्रश्न : विट्यात इंटरनेट जोडण्या देणाऱ्या छोट्या ऑफिसात मी काम करतो. नेट हळू चालतं अशी तक्रार आली म्हणून ग्राहकाच्या राउटरपाशी पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे छोटे गठ्ठे) पकडून फाइल आणली. वायरशार्कमध्ये, म्हणजे पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती उघडली की एका ठराविक जागी खिडकी गोठते आणि पंखा जोरात फिरायला लागतो. प्रोग्राम जबरदस्तीने बंद करावा लागतो. मशीन हॅक झालं असेल का? फॉरमॅट मारू का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : फॉरमॅट मारू नका. दर वेळी त्याच जागी अडतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय वायरशार्कच्या डिसेक्टरवर आहे. डिसेक्टर म्हणजे एकेका प्रोटोकॉलचं (मशीननी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचं) पॅकेट सोडवून दाखवणारा कोड. बहुतेक डिसेक्टर सी भाषेत लिहिलेले आहेत आणि १९९८ पासून जगभरच्या अनेक हातांनी ते लिहिले आहेत.

गोठतं कसं, ते बघा. बऱ्याच प्रोटोकॉलांत पॅकेटातल्या तुकड्यासोबत त्याची लांबी लिहिलेली असते. तेवढं पुढे सरकायचं आणि पुढचा तुकडा वाचायचा. आता कुणी लांबी शून्य लिहिली आणि डिसेक्टरने ती तपासलीच नाही, तर तो शून्य बाइट पुढे सरकतो, म्हणजे तिथेच राहतो आणि तोच तुकडा पुन्हा वाचतो. हे लूप संपत नाही. प्रोसेसर त्यातच अडकतो, म्हणून तुमचा पंखा फिरतो. अशा दोषाने प्रोग्राम बंद पडतो. तेवढ्यावरून माहिती चोरीला गेली असं ठरत नाही.

तरी याला किरकोळ समजू नका. असं पॅकेट कुणी मुद्दाम चालू नेटवर्कवर सोडलं, तर थेट निरीक्षण करणाऱ्याचाच वायरशार्क आडवा होतो, म्हणजे नेमकं बघायच्या वेळी बघणारं कुणी उरत नाही.

आधी नवी आवृत्ती टाका. असे दोष सापडतात तसे दुरुस्तही होतात, आणि जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच ठेवलेली मी साताऱ्यातल्या कितीतरी ऑफिसांत बघतो. तरीही अडलं तर वायरशार्कसोबतच येणाऱ्या एडिटकॅपने फाइलचे तुकडे करा. तो पॅकेटच्या आत शिरत नाही. कोणता तुकडा अडतो ते कळेल. प्रोटोकॉलचा अंदाज आला की अ‍ॅनालाइझ मेनूतल्या एनेबल्ड प्रोटोकॉल्समध्ये त्याची खूण काढा आणि मग फाइल उघडा.

यापुढे ग्राहकाकडे पॅकेट पकडायचं काम डम्पकॅपने करा, तोही वायरशार्कसोबतच येतो. तो पॅकेट नुसते डिस्कवर लिहितो, डिसेक्टर चालवत नाही. फाइल ऑफिसात आणून साध्या यूजरने उघडा. लिनक्सवर सुडो (सगळे अधिकार देणारी आज्ञा) लावून अख्खा वायरशार्क चालवायची सवय मला अजिबात पटत नाही. बाहेरून आलेला, कुणीही रचलेला मजकूर हा प्रोग्राम वाचतो. त्याच्या हाती सगळ्या मशीनचे अधिकार कशाला?

नव्या आवृत्तीतही गोठलं, तर वायरशार्कच्या गिटलॅबवर (दोष नोंदवायच्या त्यांच्या साइटवर) गोपनीय तक्रार नोंदवा आणि अडणारा तेवढाच तुकडा जोडा. अख्खी फाइल देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्यात तुमच्या ग्राहकाचे पासवर्डसुद्धा असू शकतात.