वाचकांचे प्रश्न : गुळाची ढेप कधी दगड, कधी चिखल

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळावर थर्मामीटर लावून ११८ अंशाला काहील उतरवतो. तरी एक ढेप फोडता फुटत नाही, तर दुसरी आठवड्यात पाझरते. असं का होतं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

दगडासारख्या ढेपेचं कारण उंची. पाण्याचे रेणू बाहेरच्या हवेच्या दाबाला पुरे पडले की उकळी फुटते. रस आटेल तसे साखरेचे रेणू उरलेल्या पाण्याला धरून ठेवतात, म्हणून उकळीचं तापमान चढत जातं. थोडक्यात, थर्मामीटर उरलेलं पाणी मोजतो. पण पुस्तकातले ११८ अंश समुद्रसपाटीचे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून उकळी लवकर फुटते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तिथं साधं पाणीच ९७.५ अंशांना उकळतं. निपाणीत ९८ च्या आसपास. म्हणजे तुमच्याकडं ११६ लाच पाक तयार होतो, पुढं उगीच पाणी जातं. हंगाम सुरू करताना थर्मामीटर आधणात धरा, बूड भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. १०० ला जेवढे अंश कमी पडतील, तेवढे ११८ मधून वजा करा. थर्मामीटरची स्वतःची चूकही त्यातच निघून जाते. गार पाण्यात गोळी करून बघणारा गुळव्या या फरकात फसत नाही, कारण तो पाकच तपासतो. त्याची गोळी आणि थर्मामीटर, दोन्ही ठेवा.

पाझरण्याचं मूळ रसात आहे. साखरेचे एकसारखे रेणू ओळीनं रचले गेले की रवा धरतो. रस आंबूस असेल तर उष्णतेनं साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. हे रेणू त्या रचनेत बसत नाहीत, रवा अडतो. शिवाय फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढतं. मग काहील कितीही अचूक उतरवा, ढेप चिकटच राहते. जास्त आटवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्यानं फक्त रंग काळवंडतो.

ऊस तोडल्यापासून २४ तासांत गाळा. रस साठवू नका. लोळलेला, उंदरानं खाल्लेला ऊस आणि शेंड्याकडची कोवळी कांडी बाजूला काढा. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) पट्टीवर ६.२ ते ६.४ ला आणा. त्यापुढं गेलात तर गूळ काळा पडतो आणि चव बिघडते. वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ जागेत, ओतल्यावर पाक घोटायला कंटाळू नका, रव्याची सुरुवात तिथंच होते.

प्रश्न : थंडीत खोबरेल गोठतं, शेंगतेल का नाही? भेसळ असेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : भेसळ नाही. तेलाच्या रेणूंत लांब साखळ्या असतात. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि तेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. शेंगतेलातल्या बऱ्याच साखळ्यांना मधेच बाक असतो, त्या दाटीनं बसतच नाहीत. बाटली कोमट पाण्यात उभी करा, जाळावर धरू नका.