नीटचा तिसरा अर्ज आणि उंदरांवरील संशोधन

सांगली जिल्ह्यातील एक डॉक्टर वडील लिहितात, की त्यांच्या मुलीने दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसचा प्रवेश हुकला आणि आता ती आहाराचा उंदरांच्या जनुकांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायचे म्हणते. ‘तीन पिढ्यांची डॉक्टरकी आमच्या जनुकांतच आहे आणि जनुके काही जेवणाने बदलत नाहीत. तिची समजूत कशी घालावी?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या पत्रात मुलीचे गुण आहेत, क्लासची फी आहे, नातेवाइकांची विचारपूस आहे. परंतु तिच्या तोंडचे एकही वाक्य नाही, आणि मला तिच्या गुणांपेक्षा याचीच अधिक काळजी वाटते. नीटचा तिसरा अर्ज तिला न विचारता भरल्याचे आपण ओघात लिहून गेला आहात. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो निर्णय आपला नव्हता. दोन वर्षे अपयश सोसूनही जिची एखाद्या विषयाची ओढ टिकून आहे, तिची समजूत घालण्याआधी तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायला हवे होते.

जनुकांविषयीचे आपले विधान निम्मेच बरोबर आहे. आहाराने डीएनएचा क्रम बदलत नाही, हे खरे. परंतु कोणते जनुक किती काम करील हे डीएनएवरील मिथाइल गटांसारख्या रासायनिक खुणांवरही ठरते, आणि त्या खुणा आहाराने बदलू शकतात. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली गाभण उंदरांच्या आहारातील केसीन हे प्रथिन १८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणले, तेव्हा पिल्लांच्या यकृतातील दोन जनुकांवरच्या मिथाइल खुणा घटल्या आणि ती जनुके अधिक सक्रिय झाली. त्याच अपुऱ्या आहारात फॉलिक आम्ल वाढवल्यावर हा बदल टळला. पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१५ सालच्या अभ्यासात तर पन्नास पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पुरेसे अन्न देऊनही मधुमेहाकडे झुकणारे दोष गेले नाहीत. कमी वजनाची बाळे आणि मधुमेही रुग्ण दोन्ही आपण रोज पाहता, त्यामुळे या कामाचे मोल आपल्याला पटायला हरकत नसावी.

आपण न विचारलेली एक गोष्ट मात्र मी तिला विचारीन. अशा प्रयोगांत ऊतींच्या तपासणीसाठी शेवटी प्राण्यांना मारावे लागते. प्रत्येक प्रयोगाला नैतिकता समितीची परवानगी लागत असली, तरी ते काम हातांनी करणे सर्वांना झेपत नाही. तिने एखादे प्राणीगृह पाहून मगच ठरवावे. तेथे मन धजले नाही, तर पेशींवर किंवा मानवी नमुन्यांवर हाच विषय अभ्यासता येतो.

मार्ग परिचित आहेत: आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, अथवा बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा. बारावी उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाची अट तेवढी तपासावी. तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही, हे तिला ठरवू द्या, आणि मला पुढचे पत्र तिने लिहिलेले, आपण न वाचलेले, येऊ द्या.