सुरणाच्या वाफ्यात घूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परसात चार बाय तीन फुटांच्या वाफ्यात सुरण लावतो. पानं पिवळी पडेपर्यंत घुशींनी खालून गड्डे पोखरलेले असतात. वाफ्याभोवती कोंबड्यांची जाळी फूटभर पुरली, तरी उपयोग झाला नाही. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खुराड्याच्या षट्कोनी जाळीची तार बारीक असते, घूस ती कुरतडते. शिवाय फूटभर खोली तिला काहीच नाही, ती खालून जाते. अर्ध्या इंची चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश (तारा सांध्यांवर वेल्ड केलेली जाळी) आणा, 18 किंवा 19 गेजची. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, म्हणून ‘मोठा गेज द्या’ असं दुकानात सांगू नका.

लागवडीआधी वाफा दीड फूट खोल उकरा. तळाला चार बाय तीन फुटांचा तुकडा अंथरा. चारही बाजूंना दोन फूट रुंदीची जाळी उभी करा. घेर 14 फूट, जोडाला अर्धा फूट जास्त धरून साडेचौदा फूट लागेल. दीड फूट जमिनीत, अर्धा फूट वर. वरची ही पट्टी बाहेरच्या अंगाला वाकवा, नाहीतर घूस सरळ चढून आत येते. जोड आणि तळाचे कोपरे बांधायला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तारच वापरा, दर तीन-चार इंचांवर पीळ द्या. सुतळी पहिल्याच पावसात कुजते आणि घूस नेमकी तिथून शिरते.

एक काम मात्र त्याआधी करा. आसपासची सगळी बिळं संध्याकाळी ओल्या मातीनं लिंपा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती नांदती. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूसच समजा. बिळात हात घालू नका, सापही अशाच बिळांत राहतात. नारळाच्या सोडणांचा किंवा लाकडांचा ढीग वाफ्यालगत असेल तर तो आधी हलवा.

प्रश्न : पिंजऱ्यात एक घूस सापडली, पुढे एकही येत नाही. (वाचक, पेण)

उत्तर : नव्या वस्तूला ती बिचकते. पिंजरा तिच्या वाटेवर, भिंतीला लागून ठेवा. दार तारेनं उघडंच बांधून तीन रात्री नुसतं खाऊ द्या, चौथ्या रात्री चाप लावा. भाजलेलं खोबरं किंवा सुकट चांगली, पण रोज ताजी. मुंग्या लागलेलं आमिष ती सहसा घेत नाही. उंदरांचा छोटा पिंजरा घुशीला पुरत नाही. हाताळताना रबरी हातमोजे घालाच. घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पावसाळ्यात तर हाताला साधी चीर असली तरी धोका. आणि सापडलेलं जनावर लांब सोंडेचं, उग्र वासाचं असेल तर ती चिचुंद्री. ती मुख्यतः किडे खाते, सोडून द्या.

प्रश्न : घुशी मारायला झिंक फॉस्फाईड हे विष घालावं का? (वाचक, सांगली)

उत्तर : घराच्या परसात नको. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन फॉस्फीन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. कोंबडी, कुत्रा, मूल, कुणालाही तेच. शिवाय थोडंसं खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. शेतात वापरणारे म्हणूनच आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड खाऊ घालतात. परसात जाळी आणि पिंजरा एवढं पुरतं.