वडिलांना पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू होत आहेत. घरच्यांनी काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की निदान झालंय, लेव्होडोपा-कार्बिडोपाची अर्धी अर्धी गोळी दिवसातून तीनदा सांगितलीय आणि घरात सगळेच गांगरलेत. मी डॉक्टर नाही, पण सहा वर्षं आईच्या गोळ्या सांभाळतोय.

पहिल्याच दिवशी फरक शोधू नका. डोस मुद्दाम कमी ठेवून हळूहळू वाढवतात, त्यात काही आठवडे जातात. हालचालीतला मंदपणा आणि ताठरपणा आधी सुटतो, हाताचा कंप कधीकधी हट्टीपणा करतो. आमच्याकडे सगळे नुसते हाताकडेच बघत बसायचे, त्यामुळे गोळी लागू पडतेय हे कुणाच्या लक्षातच येईना.

मग मी एक वही केली. गोळीची वेळ, मळमळ, चक्कर, झोप एवढंच लिहायचं, आणि पानाच्या डोक्यावर आईची सही. या आजारात अक्षर बारीक होत जातं. तिच्या पहिल्या सहीत नाव ठीक होतं, आडनाव मात्र मुंग्यांची रांग. पाचव्या आठवड्यात आडनाव वाचता यायला लागलं. डॉक्टरांनी इतर नोंदींआधी तेच पान बघितलं.

मळमळीबाबत मात्र सावध राहा. आमची चूक इथेच झाली. दुसऱ्या आठवड्यात आईला उलट्या झाल्या, जवळच्या डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइड दिलं, आणि दोन दिवसांत ती आणखी जखडली. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडतं आणि लेव्होडोपा ते भरून काढतं; मेटोक्लोप्रमाइड त्या डोपामिनचंच काम अडवतं, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू आहेत हे कुठल्याही डॉक्टरांना, अगदी दातांच्या सुद्धा, आधी सांगा. मळमळ बहुतेकदा पुढे कमी होते, तोवर गोळीबरोबर थोडंसं काही खाल्लं तर चालतं का ते न्यूरोलॉजिस्टना विचारा. एरवी गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास बरी, कारण जेवणातली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून शिरायला एकाच दारावर गर्दी करतात. पण त्यासाठी प्रथिनं बंद करू नका, फक्त वेळ सांभाळा. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किती अंतर ठेवायचं तेही विचारून घ्या.

अंथरुणातून उठताना रक्तदाब घसरू शकतो. आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. बद्धकोष्ठाचंही वडिलांना विचारत जा, माणसं ते स्वतःहून सांगत नाहीत.

गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. ताप, प्रचंड ताठरपणा, गोंधळ असं गंभीर दुखणं त्यातून उद्भवू शकतं. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तरी गोळ्यांच्या वेळा नर्सला लिहून द्या.

पुढे प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (ही पार्किन्सन्सचीच दुसरी औषधं) जोडलं, तर अचानक खरेदीचा सपाटा, जुगार, बसल्या बसल्या झोप लागणं यावर नजर ठेवा. हा स्वभाव नव्हे, औषधाचा परिणाम असतो. नसलेली माणसं दिसायला लागली, तर हसण्यावारी नेऊ नका, लगेच कळवा.

आणि शर्टाची बटणं वडिलांची वडिलांनाच लावू द्या. आईला सात मिनिटं लागायची, मला बघवायचं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन वही लिहायचो.

हो, लघवी किंवा घाम गडद रंगाचा दिसला तर घाबरू नका, या गोळीने तसं होऊ शकतं. आम्ही त्यावर उगाच एक रात्र जागून काढली होती.