व्हर्टिगो, चक्कर, भोवळ, घेरी : फॉर्मवर नक्की काय लिहायचं?

प्रश्न असा आलाय की पुण्यातल्या एका हॉस्पिटलसाठी पेशंटने भरायचा फॉर्म मराठीत करायचाय, इंग्रजीत ओळीने चार प्रश्न आहेत, व्हर्टिगो होतो का, डिझिनेस आहे का, लाइटहेडेड वाटतं का आणि इम्बॅलन्स आहे का, आणि चारही ठिकाणी 'चक्कर येते का' असंच लिहावं लागतंय. मग भोवळ, घेरी, झीट हे शब्द वापरून फरक दाखवता येईल का?

थोडक्यात उत्तर, नाही येणार. नामं वापरून तर नाहीच, क्रियापदं वापरून येईल. आता सविस्तर.

गंमत अशी की व्युत्पत्ती बघितली तर आपले बहुतेक शब्द व्हर्टिगोचेच सख्खे भाऊ निघतात. लॅटिनमधे व्हर्टेरे म्हणजे वळणं, फिरणं, त्यावरून व्हर्टिगो. आपली चक्कर आली चक्रावरून (त्याच चक्राचं प्राकृतातून घासून घासून चाक झालं). घेरी घेरावरून. आणि भोवळ म्हणजे संस्कृत भ्रम्, त्याचं जुन्या मराठीत भंवणे, म्हणजे गोल फिरणं, त्याच घरातले भोवरा, भोवती आणि 'केलेलं भोवलं' मधलं भोवणं सुद्धा, फिरून परत आपल्यावरच येणं! म्हणजे शब्द जन्माला आले तेव्हा सगळे 'गरगर' या एकाच अनुभवाचे होते.

पण वापर वेगळीकडे गेला. आज कोणी म्हणालं 'लग्नात भोवळ येऊन पडली' तर आपल्या डोळ्यासमोर काय येतं, उपाशीपोटी, उन्हात उभी राहून कोसळलेली बाई. खोली फिरत होती की नाही हे कोणी विचारत नाही. झीट तर जवळजवळ बेशुद्धीच. घेरी आता फक्त आजीच्या पिढीत, माझ्या ऑफिसमधल्या मुलांना तो शब्दच माहीत नव्हता. उरली चक्कर, तिने सगळं गिळलं. बीपी लो झालं चक्कर, भूक लागली चक्कर, बिल बघून चक्कर. (आणि हो, मराठीत ती चक्कर 'आली'. 'चक्कर आला' हे हिंदी आहे, फॉर्मवर तेवढं टाळा प्लीज.)

आयुर्वेदात हा फरक नीट केलेला आहे, मूर्च्छा वेगळी आणि भ्रम वेगळा, मूर्च्छेत पित्त आणि तम, भ्रमात रज, पित्त आणि वात असं माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात सांगितलंय. मग 'भ्रम' का नाही वापरायचा? कारण आजच्या मराठीत भ्रम म्हणजे गैरसमज नाहीतर डोक्यावर परिणाम. 'आपल्याला भ्रम होतो का' असं छापलंत तर सदाशिव पेठेतला पेशंट काय उत्तर लिहील ते मी इथे लिहीत नाही.

आता हा शब्दांचा घोळ नुसता शब्दांचा नाहीये, हे मला आत्यामुळे कळलं. तिला सकाळी कूस बदलली की त्रास व्हायचा, ती डॉक्टरांना सांगायची 'चक्कर येते', त्यांनी बीपी बघितलं, मानेचा एक्सरे काढला, वयाप्रमाणे मणक्यात थोडं दिसलंच, झालं, मानेला पट्टा आणि गोळ्या. दीड महिना. मग एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'काकू, तुम्हाला फिरल्यासारखं होतं की डोळ्यापुढे अंधारी येते?' आत्या म्हणाली, 'अंधारी नाही हो, फुगडी घालून थांबल्यावर कसं घर फिरत राहतं, तसं. फुगडी न घालता.'

यापेक्षा चांगली व्याख्या मी तरी वाचलेली नाही. फुगडीत होतं काय, तर प्रत्येक कानात आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं, आपण फिरलो की ते फिरतं आणि आपण थांबलो तरी ते लगेच थांबत नाही, म्हणून मेंदूला वाटतं अजून फिरतोय. आत्याच्या बाबतीत कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे आपली जागा सोडून अशाच एका नळीत घुसले होते, मान हलली की ते घरंगळतात, त्यांच्याबरोबर पाणी हलतं, आणि फुगडी सुरू. बाईंनी तिला कॉटवर बसवलं, मान एका बाजूला ४५ अंश वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं कॉटच्या कडेखाली लोंबेल असं. दोनतीन सेकंद काही नाही, आणि मग तिची बुबुळं अशी काही झटके देत गोल फिरायला लागली की मीच घाबरलो. अर्ध्या मिनिटात थांबली. ही डिक्स-हॉलपाइक टेस्ट, १९५२ सालची. नंतर लगेच मान दुसरीकडे, मग कुशीवर, मग उठून बस, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबत थांबत खडे नळीतून बाहेर काढले, याला एप्लीची पद्धत म्हणतात. औषध शून्य! तेव्हा 'चक्कर' ऐवजी 'गरगरतं' म्हणाली असती तर दीड महिना पट्टा लागला नसता असं माझं मत आहे, डॉक्टर लोक काही म्हणोत.

अर्थात सगळं गरगरणं खड्यांचं नसतं. आणि गरगरण्याबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायला लागले, हातपाय लुळा पडला किंवा अचानक असह्य डोकं दुखलं तर शब्दचर्चा बाजूला ठेवून सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं, तो मेंदूचा झटका असू शकतो.

तर तुमचा फॉर्म. व्हर्टिगोला 'स्वतःला किंवा आजूबाजूचं सगळं गरगर फिरल्यासारखं वाटतं का'. लाइटहेडेडला 'डोकं हलकं, रिकामं वाटतं का', आणि त्यालाच जोडून 'पटकन उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते का' असा एक वेगळा प्रश्न घाला, इंग्रजीत नसला तरी, कारण ती बहुधा बीपीची भानगड असते, कानाची नाही. डिझिनेस हा इंग्रजीतही आपल्या चकरेसारखाच सगळं एका गोणीत कोंबणारा शब्द आहे, तिथे खुशाल 'चक्कर' ठेवा, फक्त पुढे 'म्हणजे नेमकं काय होतं' म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडा. शिवाय 'गाडी लागते का' हेही विचारा, तीही कान आणि डोळ्यांच्या भांडणाचीच गोष्ट आहे, आणि ताम्हिणी घाटातून एकदा बसने गेलेल्या कुठल्याही पुणेकराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

राहिलं इम्बॅलन्स. 'चालताना तोल जातो का' पुरेसं आहे, 'झोक जातो का' पण चालेल. कच्च्या मसुद्यात तुम्ही 'झोकांड्या जातात का' लिहिलंय, अर्थ बरोबर आहे पण तेवढं काढाच, आत्याने हा प्रश्न वाचला असता तर 'आमच्या घरात कोणी घेत नाही' असं लिहून फॉर्म परत केला असता.