कॉम्प्रेशन कमी दाखवतंय म्हणून लगेच रिंग-पिस्टन मागवू नका

सांगलीच्या पोरांनो, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुन्या वॉटर पंपावरचं होंडा जीएक्स १६० इंजिन मिळालंय, कॉलेजच्या गो-कार्टला लावायचंय, गेजवर कॉम्प्रेशन कमी येतंय, चालू केल्यावर धूर दिसतोय, आणि कुणीतरी सांगितलंय की रिंग-पिस्टन बदला, हेड घासून घ्या, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या वेगाला लगाम घालणारी यंत्रणा, काढून टाका, मग बघा कसं पळतंय. आधी एक, मला सर म्हणू नका. कोल्हापुरात गॅरेज आहे माझं, उद्यमनगरात लेथवाल्यांच्या दारात ताटकळण्यात निम्मं आयुष्य गेलंय, कॉलेजचं तोंड फारसं बघितलं नाही.

आता गेजचं. या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेशनची एक छोटी यंत्रणा असते, दोरी ओढताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, म्हणून तर एका हाताने दोरी ओढून इंजिन सुरू होतं, आणि वेग आला की ती आपोआप बाजूला होते. म्हणजे दोरी ओढून गेज लावलात की चांगल्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन कमीच दाखवणार. बाईकच्या आकड्याशी तुलना करून रडत बसायचं काही कारण नाही. मी स्वतः असं एक चांगलं इंजिन खोलून ठेवलं होतं, आत सगळं ठणठणीत, मग गिऱ्हाईकाला तोंड दाखवायची लाज.

त्यापेक्षा लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघा. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणा, दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात, सैल लागले पाहिजेत, प्लगच्या जागी अडॅप्टर लावून कंप्रेसरची हवा सोडा, थोड्या प्रेशरने सुरुवात करा, आणि फ्लायव्हीलचा नट लांब पान्याने दाबून धरा कारण क्रँक झटकन फिरतो आणि बोटं आपलीच असतात. मग कान द्या. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. थोडी हवा तिथून येतेच, भसाभसा यायला नको. गेज नसलं तरी हा कानाचा हिशोब निम्मं काम सांगून जातो.

माझ्या अनुभवात पंपावरच्या इंजिनात बऱ्याचदा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच दोषी निघतो. शेतावर कुणी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधला गॅप, बघत नाही, व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत बसत जातो, गॅप शून्यावर येतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि कडेने जळायला लागतो. तसं असेल तर हेड काढा, व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासा, म्हणजे लॅपिंग करा, सीटवर अखंड करडा पट्टा आला की थांबा, आणि इंजिन गार असताना टॅपेट लावा, इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. एवढ्यात काम भागलं तर पिस्टनला हात लावायची गरजच नाही.

धुराचंही तसंच, आधी ऑइल किती भरलंय ते बघा. या इंजिनात साधारण ०.६ लिटरच मावतं, आणि गाडीतून आणताना इंजिन आडवं पडलं असेल तर दोन-चार मिनिटं धूर येणारच.

हवा खरंच ऑइलच्या तोंडातून येत असेल, तर मग खोला. पण खोलल्यावर पहिलं काम पार्ट मागवणं नाही, मोजणं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ४५ मिमी, मिळून १६३ सीसी. बोअर गेज घ्या आणि वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि अंडाकार होतो, अशा बोअरमध्ये नवीन रिंगा टाकल्या की आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच. रिंग एकटी बोअरमध्ये ठेवून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि तोंडातला गॅप फिलरने बघा. नवीनला ०.२ ते ०.४ मिमी असतो, १ मिमीला गेली तर फेकून द्या. नवी रिंग टाकूनही गॅप मोठाच आला तर बोअर गेलाय, मग ओव्हरसाइज पिस्टन आणि लेथवाला. ०.२५ मिमी मोठा पिस्टन आधी हातात घ्या, तो मोजा, आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलटं नको. सगळे उलटंच करतात.

होनिंग, म्हणजे दगडाने बोअर घासणं, झाल्यावर जी चूक होते ती माझ्या हातून झालीय म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्यांदा एका कार्टचं इंजिन केलं, बोअर सुंदर आला होता, आतल्या आडव्यातिडव्या रेघांचा क्रॉसहॅच काय दिसत होता, मी पेट्रोलने पुसला, हवा मारली आणि बसवला. दोन दिवसांच्या प्रॅक्टिसनंतर इंजिन परत धूर मारायला लागलं, उघडलं तर नव्या रिंगा घासलेल्या. दगडाची बारीक भुकटी त्या रेघांमध्ये बसलेली असते, पेट्रोल किंवा रॉकेल ती काढत नाही, फक्त पसरवतं. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश, आणि पांढरी चिंधी फिरवून ती पांढरीच बाहेर येईपर्यंत धुवायचं. मग लगेच पुसून ऑइलचा हात फिरवायचा. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर चहा प्यायला गेलात की स्लीव्हवर गंज आलेला असतो.

कनेक्टिंग रॉडकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. यात बाईकसारखं बेअरिंग नाही, अल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकपिनवर फिरतो, आणि ऑइल पंपही नाही. रॉडच्या कॅपला एक चमचा असतो, तो ऑइलमध्ये मारत जातो आणि उडालेल्या शिंतोड्यांवर सगळं चालतं. पिनवर अल्युमिनियम चिकटलेलं दिसलं किंवा नख अडकेल अशी रेघ असली तर नुसता नवा रॉड टाकून उपयोग नाही. कॅपची खूण रॉडच्या खुणेला जुळवा, बोल्ट १२ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच, हाताचा अंदाज इथे चालत नाही. पिस्टनवरचा त्रिकोण पुशरॉडच्या बाजूला, क्रँक आणि कॅमच्या गिअरचे ठिपके समोरासमोर, रिंगांची अक्षरं वर आणि तोंडं एका रेषेत नकोत. हेडचे बोल्ट २४ न्यूटन मीटर, फ्लायव्हीलचा नट ७५. फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावी काढून बघा, अर्धी कातरलेली असली तर टायमिंग सरकतं आणि मग कार्बोरेटरला उगाच शिव्या बसतात.

आता गव्हर्नर. तुमच्या इव्हेंटच्या रूलबुकमध्ये काय आहे ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी इंजिनाला हात लावलेला चालत नाही. आणि परवानगी असली तरी माझं मत नाहीच आहे. हे इंजिन ३६०० आरपीएमला साधारण ४.८ एचपी देण्यासाठी बनवलंय. पुढे न्यायचं तर रॉड, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि फ्लायव्हील तिन्ही बदलावे लागतात. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील जास्त वेगात फुटलं तर त्याचे तुकडे शेजारी उभ्या असलेल्या माणसात घुसतात, आणि ओरिजिनल रॉड तुटला तर क्रँककेसला भोक पाडून बाहेर येतो. असं भोक पडलेली एक केस माझ्याकडे आहे, कुणी गव्हर्नर काढायचं बोललं की तीच दाखवतो. अमेरिकेत ब्रिग्ज कंपनीचं एलओ २०६ इंजिन कारखान्यातून सील लावूनच कार्टवर येतं, ६१०० आरपीएमला लिमिटर, कुणी आत हात घालायचा नाही, आणि तरी रेस रंगतातच ना.

हेड घासायचं सोडून द्या, त्यात जे मिळेल त्याच्या कितीतरी पट तुम्हाला मागचा स्प्रॉकेट बदलून मिळेल. ट्रॅकवरची सगळ्यात लांब सरळ संपायच्या जरा आधी इंजिन फुल आरपीएमला पोचलं पाहिजे, वेगवेगळ्या दातांचे दोन-तीन स्प्रॉकेट जवळ ठेवा आणि घड्याळ लावून बघा. फिल्टर किंवा सायलेन्सर बदललात तर कार्बोरेटरचा मेन जेट मोठा लागेल, नाहीतर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा पडतो आणि पिस्टन भाजतो. इंजिन बसवताना २० अंशांपेक्षा जास्त तिरकं बसवू नका, चमच्याला ऑइल सापडत नाही.

तेव्हा आधी लीकडाउन करा आणि हवा कुठून आली ते कळवा, मग पार्टांची यादी करू. फ्लायव्हील काढायला हातोडा मारू नका, क्रँक वाकतो. पुलर नसेल तर एखाद्या रविवारी कोल्हापूरला या, माझा घेऊन जा, फक्त परत आणा, मागचा एकजण घेऊन गेला तो अजून आलेला नाही.