सावकाराचे पैसे घेऊ नका ताई, आधी अपघाताचे कागद काढा

ताई, तुम्ही लिहिलेलं काल रात्री दोनदा वाचलं. मार्चमध्ये सासरे गेले, मेमध्ये सासूबाईंचं ऑपरेशन झालं. त्यातून सावरताय तोवर नाशिकच्या अंबडहून दुसऱ्या शिफ्टवरून घरी येताना मिस्टरांच्या गाडीला टेम्पोने उडवलं, पाय मोडला आणि ठेकेदाराने "आता येऊ नका" असा निरोप धाडला. सोनं पतसंस्थेत अडकलंय, मोबाइलवरच्या दोन ॲपचं कर्ज डोक्यावर आहे. आता घरात ठरतंय की ओळखीतल्या माणसाकडून महिना ५ टक्क्यांनी लाखभर घ्यायचे, त्यातून त्र्यंबकला नारायण नागबळी करायचा आणि उरतील ते ॲपवाल्यांना द्यायचे. घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंत.

नका घेऊ. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६०. लाखाला दरमहा ५ हजार नुसतं व्याज जाईल आणि मुद्दल जागच्या जागी राहील. सावकारीचा परवाना असलेल्यालाही बिगरशेती, बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते. तो माणूस कोरा चेक किंवा सही केलेला कोरा स्टँप पेपर मागेल. तो देऊ नका.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांचा नवरा गेलाय, त्यानंतर घरावर एकामागून एक आदळतंय, त्यांना पितरांचं काही राहिलंय असं वाटणारच. "करू आई, पण कर्ज काढून नको, आपल्या कमाईतून करू," एवढंच म्हणा. मी माझ्या सासूबाईंना हेच म्हटलं होतं. आठ वर्षांनी आम्ही त्र्यंबकला तीन दिवस राहून सगळं यथासांग केलं.

आता मुख्य गोष्ट. मिस्टरांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात दिसते का, ते आत्ता उठून बघा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर पाऊण टक्का कापलेला असायला हवा. ठेकेदाराकडचा कामगारही त्यात येतो, आणि ठेकेदाराने हप्ता भरला नसेल तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. कामावर जाता-येता रस्त्यात झालेला अपघातही २०१० पासून कामावरची इजा म्हणून धरला जातो, फक्त वेळ, रस्ता आणि काम यांचा मेळ बसायला हवा. दुसरी शिफ्ट सुटल्यावर घरच्या रस्त्यावर झालेला अपघात त्यात अगदी बसतो. मग डॉक्टर कामाला अयोग्य ठरवतील तितके दिवस पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने पैसे मिळतात, उपचार सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात होतात, आणि किती महिने हप्ता भरला याची अट कामावरच्या इजेला नसते.

हे मी पोटतिडकीने सांगतेय, कारण आम्हाला हे फार उशिरा कळलं. सातपूरला एका कारखान्यात प्रेसवर माझ्या मिस्टरांची दोन बोटं गेली. कंपनीतून कोणी काही सांगितलं नाही. मी सराफ बाजारात जाऊन आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. सराफाने काट्यावर ठेवल्या, तेव्हा त्यांच्या खाचेत अडकलेली कणीक मला दिसली, सकाळीच पोळ्या केल्या होत्या. त्याने ती टाचणीने काढली आणि मग वजन केलं. चार महिन्यांनी शेजारच्या वहिनींनी ईएसआयचं सांगितलं. आज आमच्या घरात बोटांच्या बदल्यात दरमहा पेन्शन येते, पण पाटल्या गेल्या त्या गेल्या.

म्हणून सोनं मोडायची घाई करू नका. चार डाग गहाण आहेत म्हणता. व्याज थकू देऊ नका, लिलावाची नोटीस आली तर हातात वेळ राहत नाही. अगदीच जमेना तर एक डाग मोडून उरलेले तीन सोडवा. मंगळसूत्र त्यात असेल तर ते आधी.

ॲपवाल्यांचा आवाज मोठा असतो म्हणून त्यांना पहिले पैसे देऊ नका. आधी किराणा, घरभाडं, वीजबिल, मग सोन्याचं व्याज, त्यानंतर ते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना फोन करून बदनामी केली किंवा फोटो पाठवायची धमकी दिली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. एक ॲप फेडायला दुसरं घेऊ नका, आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच दोनाचे सात करून बसला.

टेम्पोच्या विम्यावरही दावा होतो, पण अपघाताला सहा महिने उलटू देऊ नका. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, असं वाटेल. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. पोलिसांकडची नोंद, दवाखान्याचे कागद आणि गाडीची कागदपत्रं घेऊन तुम्हीच जा.

सासूबाईंच्या ऑपरेशनचं बिल भरून झालंय, ते आता परत येणार नाही. पण पुढे कोणाला दाखल करायची वेळ आली तर रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, गाठा. महात्मा फुले योजनेत रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात.

मुलीचा क्लास बंद करू का, असंही शेवटी विचारलंत. करू नका. सरांना प्रत्यक्ष भेटा, अपघाताचं सांगा आणि फी दिवाळीनंतर देते म्हणा. ठेकेदाराकडून अपघाताचा अहवाल भरून घ्यायला एकट्या जाऊ नका, दिरांना सोबत न्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्याने टाळाटाळ केली तर इथेच लिहा, ईएसआयच्या कार्यालयात मी तुमच्यासोबत येईन.